सात सुती

सुकलाल वाडिले खताच्या पोत्यात घालून घेऊन आला,
तोंड सुतळीनं आवळलेलं,
जसं कुणी बाजारातून कोंबडा आणतं.
"मशीन बठ्ठं चांगलं शे, फक्त पंखा मोडी गया."

शहाद्यात माझ्याकडे पंखे येतात ते पंपांचे,
बोअरच्या वाळूनं खाल्लेले,
पाणी वर ओढून ओढून कडा गेलेले.
हा पहिलाच,
पाण्याला मागे लोटून पुढे जाणारा.
तीन पाती. एक धड.
एक कानासारखं दुमडलेलं.
तिसऱ्याचं टोक प्रकाशाला, तापीच्या तळाशी.

नावेत दोंडाईच्याचं कुटुंब होतं म्हणे,
थोरल्याच्या मांडीवर अस्थींचं मडकं.
खाड्कन वाजलं, नाव गर्रकन फिरली,
आणि मागून एकानं विचारलं,
इथंच सोडायचं का?
सुकलालनं वल्हं काढलं.

खोलून पाहिलं तर पिनेच्या जागी
घोड्याच्या नालेचा खिळा, सारंगखेड्याच्या यात्रेतला.
मी ओरडलो त्याच्यावर.
अरे, पितळेची पिन तुटते,
तुटणं हीच तिची नोकरी,
ती जाते म्हणून बाकीचं राहतं.
"रोज तुटस, रोज वीस रुप्या. खिया तुटस नही."
तेच तर.

नवा सुरतेला मिळतो,
त्याच्या दोन महिन्यांच्या फेऱ्यांएवढ्या पैशात.
मी जावेदला साबणाची वडी आणायला धाडलं.
दुमडल्या पात्यावर साबण फासायचा,
ज्योत पिवळी ठेवायची, लांबून, फिरती.
ही धातू लाल होऊन सांगत नाही,
गप्प राहते आणि एकदम ओघळते.
साबण काळा पडला की समजावं, बस,
आता ऐकेल.
धड पात्याचा ठसा शाडूत घेऊन ठेवला होता,
त्यावर बेतत लाकडी हातोडीनं ते पातं
हळूहळू सरळ केलं.

तेव्हा कडेजवळ दिसल्या रेघा.
बारीक. समांतर. सारख्या अंतरावर.
दगड असं लिहीत नाही.
खणातून आटे मोजायची पट्टी काढली, लावून पाहिली.
इंचात नऊ.

सात सुती बोल्ट.

बॅरेज व्हायच्या आधी त्या काठाला
पुरुषोत्तमभाईंच्या इंजिनाचं फाउंडेशन होतं.
चार बोल्ट, बापूंनी आटे पाडलेले.
काँक्रीट पडेपर्यंत ते उभे धरायचं काम माझं,
वय तेरा, हाताला मुंग्या.
एक तिरका गेला.
राहू दे, बापू म्हणाले, कुणाला दिसतंय.
मग पाणी आलं. इंजिन उचलून नेलं.
बोल्ट कोण काढतो?

तिसऱ्या पात्याचं टोक आर्गॉननं भरलं,
थेंबावर थेंब, मग कानस.
रॉडमध्ये ओवून दोन धारांवर ठेवला पंखा:
जड पातं खाली येतं, ते घासायचं,
पुन्हा सोडायचं, पुन्हा घासायचं.
संध्याकाळी कधीतरी
तो जिथं सोडला तिथंच थांबला.
जावेद म्हणाला, चाचा, झालं.
मी आणखी दोनदा सोडून पाहिला.

बिलात गॅस लिहिला, साबणसुद्धा लिहिला.
पितळी पिना दहा.
मजुरीच्या रकान्यात रेघ.
सुकलालनं ती रेघ बराच वेळ वाचली.

रविवारी त्याच्याबरोबर गेलो.
इंजिन बंद, नाव सावकाश वाहती,
मी बांबूनं तळ चाचपत राहिलो:
गाळ, गाळ, गाळ,
टक्.
लोखंड हाताला कळतं.
खांद्यापर्यंत हात घातला, गाल पाण्याला टेकला.
तिरकाच होता.
त्याला नायलॉनची दोरी, वर तेलाचा रिकामा पांढरा कॅन.

"आठेच शे, हाई तुले कसं ठाव?"
रेघांवरून, म्हणालो.
खोटं नव्हतं.
त्यानं दोरी ओढली, इंजिन लागलं,
आणि कॅनला लांबून वळसा घालत
आम्ही परत फिरलो.