छत्तीसचा आकडा

इशबेल पेट्रीने मशीन ठेवलं होतं
टॉवेलात गुंडाळून, बिस्किटांच्या डब्यात.
रबराची चाळीस बटणं,
एकावरचं अक्षर पुसलेलं.
"दुकानात नको, फर्गस. माझ्याच टीव्हीवर लावून दे."

म्हणून तो डंडीचा चढ चढून आला,
चौथा मजला, लिफ्ट बंद,
खांद्यावर पिशवी, पिशवीत कैया, डाख, वायरी.
खिडकीतून टे नदी दिसत होती, ओहोटीची, राखाडी.
भिंतीवर पंचावन्न इंची टीव्ही,
मुलाने कॅलगरीत बसून पैसे भरलेला.

मशीनला येते फक्त अँटेनाची भाषा,
तीही छत्तीसाव्या चॅनेलवर, जरा कापऱ्या आवाजात.
टीव्हीने शोधलं. शून्य टक्के, चाळीस टक्के, शंभर.
मग निळ्या पडद्यावर अगदी सभ्यपणे लिहिलं:
सिग्नल नाही.
पुन्हा शोधलं. सिग्नल नाही.
पाठीला पाठ लावून बसलेले
तीन आणि सहा.

फर्गसने पाच स्क्रू काढले.
झाकली मूठ उघडली, तर आत धुळीचा एक पुंजका
आणि कडेला पत्र्याची डबी. चित्राची हवा करून
अँटेनाच्या वाटेने सोडणारी.
"हिला वगळायचं. एक तार इथून सोडवायची, तिथे जोडायची."

इशबेलने चष्मा बदलला.
"सहा वर्षं मी याच लाइनवर होते," ती म्हणाली,
आणि बोर्डावर अशी वाकली
जशी कुणी जुन्या ग्रुप फोटोवर वाकतं.
"हा माझा नाही.
माझा डाख थेंबासारखा उतरायचा.
हा बघ कसा, शुक्रवारी दुपारचा.
नेटा डफचा असणार.
पोर लहान होतं तिचं, पाचाची बस गाठायची असायची."

नेमका तोच काढायचा होता.
"काढ," ती म्हणाली. "पण हळू."
कैयाचं टोक टेकलं,
आणि चाळीस वर्षांचा शुक्रवार
क्षणभर चकाकून वितळला.
राळेचा वास आला. दोघंही काही बोलली नाहीत.

मग काड्यापेटीएवढा एक दुभाषा मध्ये बसवला.
या बाजूने जुनं ऐकायचं, त्या बाजूने नवं सांगायचं.
बटण दाबलं.
काळं. अजून काळं.
मग पांढरं, भिंतभर, डोळे दिपवणारं पांढरं,
आणि तळाशी बारीक अक्षरांत कंपनीचं नाव.

फर्गसने एक वर्तुळ काढायला सांगितलं मशीनला.
आलं ते अंडं.
टीव्हीला सगळं ताणून बसवायची सवय.
मेनूत शिरून त्याने त्याला चाराला तीनमध्ये आवरलं,
तेव्हा दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरले.
"एवढी जागा वाया?"
"वाया नाही. ती याची नव्हतीच कधी."

चित्र फारच स्वच्छ होतं.
प्रत्येक ठिपका सुटा, हिशेबाला बसल्यासारखा.
जुन्या टीव्हीवर तांबड्याशेजारी निळं आलं की
मध्ये जांभळं सांडायचं, मुलगा म्हणायचा, धूर आहे तो.
आता धूर नाही. नुसते चौकोन.
बटण दाबलं की अक्षर येतं,
पण किंचित उशिरा,
जिना चढून आल्यासारखं.

"आता तुम्ही."
"मी?"
तिच्या हातांखालून दिवसाला किती गेली असतील,
सगळी मुकी, उघडी, कीबोर्डाविना.
चालू असलेल्या मशीनला तिने कधी बोट लावलं नव्हतं.
कारखान्यात चाचणीची खोली वेगळी, घरात पोराची पाळी.

तिने नेटाचं नाव लिहायला घेतलं.
एन दाबला.
मशीनने एका अक्षरावर
अख्खा शब्द लिहून टाकला, आपल्याच मनाने:
नेक्स्ट.

इशबेल हसली, खोकला येईपर्यंत.
"बघ, पट्टाही हेच म्हणायचा."

फर्गस मिटवायला पुढे झाला.
तिने त्याचा हात बाजूला केला.
"राहू दे. चहा घेतोस?"