मीटर

तालमीचं लाइट बिल अजून
दस्तगीर बाबालाल शिकलगार यांच्या नावानं येतं.
वस्ताद जाऊन एकोणीस वर्षं झाली.

त्याच मीटरवर गणपतीची माळ,
त्याच मीटरवर पंजांपुढचा बल्ब.
ज्या साली दोन्ही एकदम आले
त्या साली फ्यूज उडाला,
आणि अंधारात कुणीतरी ओरडलं,
'आता वळखा मर्दांनो, कोण कुणाचा!'
वस्ताद सगळ्यात मोठ्यानं हसले होते.

परवा उमेदवार आला,
कपाळ भरून, मागं सहा गाड्या.
हौद्याच्या लाल मातीत
चप्पल घालूनच उभा राहिला.
रंग देतो म्हणाला, कमान देतो, नवी मॅट देतो,
बिलावरचं नाव तेवढं बदलून घ्या.
पोरं मातीकडं बघत राहिली.
मी खजिनदार. मी चहा सांगितला.

वारसाची सही लागते.
यासीन लक्ष्मीपुरीत कात्र्यांना धार लावतो.
चाक थांबवून त्यानं हात पुसले,
चष्मा शोधला,
अर्ज वाचत नावापर्यंत आला.
'थकबाकी किती हाय?'
'सातशे चाळीस.'
गल्ल्यातनं मोजून दिले.
'अब्बांच्या नावावर उधारी नको.'
मग सही केली,
आणि चाक पुन्हा सुरू.

अर्ज माझ्या खिशात आहे,
हा तिसरा आठवडा.
विचारलं की सांगतो,
विजेचं हापिस लांब पडतंय.
गाडीवरनं दहा मिनिटं.