माहीत असलेली चूक

चारशे नव्व्याण्णव रुपये.
ओटीपी आला, टाकला,
आणि खराडीच्या ज्या इमारतीत
वॉचमन ओळख असूनही आता मला आत सोडत नाही,
तिथे बनलेल्या खेळात मी पैसे भरून शिरले.

स्वागत असो, म्हणाला पडदा.
तुम्ही पहिल्या काही जणांपैकी आहात.
होतेच की.
तिसरा मजला, खिडकीपासून दुसरी खुर्ची,
हातात सव्वीस हजार,
काम : भिंतींना धडका मारणे.
एकाच भिंतीला चारशे वेळा,
चालत, पळत, पाठमोरी,
घोड्यावरून, मेलेली असताना.
कुठे आरपार जाता येतंय का बघायचं,
गेलं की लिहून ठेवायचं.
ढमढेरे म्हणायचा,
'आपल्याला हरायचा पगार मिळतो गं.'

मग एका गुरुवारी मीटिंग.
केक होता, म्हणून कुणाला शंका आली नाही.
यापुढे खेळाडूच तपासतील, म्हणाले.
त्यांना आवडतं.
पैसे देऊन करतात.

माझे बाबा नाट्यगृहात पडदा ओढायचे.
रंगीत तालमीला गल्लीतली माणसं बोलवायचे,
फुकट. वर चहा, बटाटेवडा,
आणि शेवटी लेखक स्वतः येऊन
खासनीस काकूंना विचारायचा,
'कुठे कंटाळा आला?'
काकू संकोच न करता सांगायच्या.
दुसरा अंक सात मिनिटांनी आटायचा,
मग तिकीट खिडकी उघडायची.
आधी वडा, मग तिकीट.
सृष्टीचा नियम असावा तसा हा क्रम
मी धरून चालले होते.
शिंपीसुद्धा ट्रायलचे पैसे घेत नाही,
टाचण्या टोचतात त्या टोचतात.

पण वेदांग.
धानोरीचा, नववीतला, नुकता आवाज फुटलेला.
हेडफोनमधून म्हणतो,
'ताई, पुलाखाली नका जाऊ, तिकडे नदी अजून आली नाहीये.'
दोन महिने क्लासला पायी जाऊन
त्याने हे अर्धवट जग विकत घेतलं.
सापडलेल्या चुकांची वही ठेवतो,
शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं.
म्हटलं, पूर्ण झाल्यावर घ्यायचास ना, सेलमध्ये.
'तेव्हा काय मजा? तेव्हा सगळेच असतील.'

आणि मला मेट्रो आठवली.
वनाज ते गरवारे एवढीच होती तेव्हाची.
पाच स्टेशनं. कुणालाच कुठे जायचं नव्हतं.
तरी तिकीट काढून, आई ठेवणीतली साडी नेसून,
आम्ही गेलो आणि आलो.
बाबांनी सरकत्या दाराकडे बघून मान हलवली,
'हात बसलाय याचा.'
अपुऱ्याचे पैसे का देता,
असं आम्हाला कुणी विचारलं नाही.

त्यामुळे ठाम काही बोलता येत नाही,
जे पुण्यात जन्म काढून जरा लाजिरवाणंच.
एवढंच म्हणेन,
त्या डब्यात कुणी माझ्या हाती पाना दिला नव्हता.
ज्यांच्या हाती होता
त्यांना हजेरी मिळत असणार.

रात्री एक वाजता, वेदांग झोपल्यावर,
मी किल्ल्यावर गेले.
उत्तर बुरूज. सतरावी पायरी.
पाय ठेवला
आणि पडले, दगडातून, डोंगरातून,
करड्या रिकामपणात,
जिथे खालीही आकाशच असतं.

क्रमांक एकवीसशे सतरा.
माझ्याच हातची नोंद :
खेळाडू जगाबाहेर पडतो. दर वेळी पडतो.
पुढे वरिष्ठांचा शेरा : माहीत आहे.

पडता पडता कोपऱ्यात बटण दिसत राहिलं,
चूक कळवा, तुमचं मत मोलाचं आहे.
मोल मला ठाऊक आहे.
सव्वीस हजार, आणि दिवाळीला पाव किलो काजू.
दाबलं नाही.

सकाळी सव्वासातला मेसेज,
शाळेच्या रांगेतून चोरून केलेला :
'ताई!! बुरुजावर सतराव्या पायरीला
जबरी चूक सापडली. काल रात्रीच. मीच पहिला!'

बराच वेळ टाइप करत होते, पुसत होते.
मग लिहिलं, शाब्बास.
वहीत तारीख घाल.