आस

रत्नागिरीच्या हॉटेलात तीन दिवस एसी होता.
ओढणी कानांवरून घेऊन
मी युवा कार्याची चार मॉडेल्स उतरवून घेतली.
एक चौकोन, एक शिडी, एक कापलेला कांदा,
आणि एकात बाण इतके
की तरुण नेमका कुठून आत येतो, ते सापडेना.

मूल्यांसाठी पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या.
मी लिहिलं : विश्वास.
आणखी अकरा जणांनी तेच लिहिलं होतं.
माझी भिंतीवर टिकेना, दोनदा पडली,
मग पर्समध्ये टाकली, एसटीच्या तिकिटाशेजारी.

चहाला नेटवर्किंग.
म्हणजे बशीतलं बिस्किट सांभाळत
आपलं नाव, संस्थेचं नाव, मुलं किती.
'देवगड. बर्फाच्या बंद कारखान्यावरची खोली.
मुलं येतात तेवढी.'
एकतीस कार्डं जमली. रबर लावलं.

परत आले तर दाराशी लोकेशची सायकल नव्हती.
कॅरमवर पावडर तशीच.
तन्वी कुबल म्हणाली, चार दिवस झाले मॅडम,
बोटीवर गेला म्हणतात, कोणाच्या ते कोण सांगत नाय.

बंदरावर बाबल तारी जाळं शिवत बसलेला,
अंगठ्यात दोर, तोंडात सुई.
काय शिकून इलंस? म्हणाला.
मी कार्डांचा गठ्ठा दाखवला.
त्याने तो हातात तोलला, बांगड्यासारखा,
आणि परत दिला.
मग जाळ्याच्या एका घरात तीन बोटं घालून म्हणाला,
ह्याका आस म्हणतत.
आस बारीक केलंस तर आज कायच सुटाचा नाय,
पण फुडल्या वर्साक कायच गावचा नाय.
तुझो आस केवढो?

मॉडेलमध्ये हे नव्हतं.
तिमाही अहवालातही नाही. तिथे एकच रकाना :
किती आले.

रात्री साडेदहाला लोकेश जिन्यावर बसलेला दिसला.
तो जे बोलला त्यातलं निम्मं मला झेपणारं नव्हतं
आणि झेपत नाही, हे त्याला कळू न देणंही.
रबर काढलं.
सतरावं कार्ड : रुक्साना परकार, चिपळूण.
तिचा चेहरा आठवेना,
एवढंच, की तिने बिस्किट घेतलं नव्हतं.
मी नाव सांगायला लागले, संस्था सांगायला लागले.
ती म्हणाली, द्या त्याला.

चाळीस मिनिटं तो धक्क्याच्या टोकाशी उभा होता,
कानाशी माझा फोन, एक टक्का, दोन टक्के बॅटरी,
मी चार्जर घेऊन मागे उभी, आणि वायर तोकडी.

काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.
जे ठाऊक आहे तेही इथे लिहिणार नाही.
फंडरला यशोगाथा हवी आहे,
दोनशे शब्द, फोटोसह.
तन्वीने कॅरम जिंकला, ते पाठवलं.

लोकेश आता येतो कधी, कधी नाही.
सायकल विकली म्हणतो.

परवा हाताला आंबोळीचं पीठ,
अनोळखी नंबर, हर्णैहून कोणी बाई,
धाप लागल्यासारखी : तुमचं कार्ड मिळालं,
आमच्याकडे एक मुलगी आहे, म्हणजे
आमची संस्था तशी लहान आहे, आम्ही मुळात...

कोपराने स्पीकर दाबला.
म्हटलं, द्या तिला.