पेपर क्रमांक सहा

चोवीस वर्षं मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं
आणि वरची तारीख तेवढी बदलत गेले.
छळविरोधी करार : सही सत्त्याण्णव साली.
अनुमोदन : अजून नाही.
'अजून'वर खडू हमखास मोडायचा.

घरी मराठी, वर्गात इंग्रजी, रिक्षावाल्याशी गुजराती.
दांडिया बाजारातून फतेगंजला पोचेस्तोवर
जिभेला तीनदा कूस बदलावी लागे.
हक्क हा शब्द तिन्हीकडे चालायचा,
पण माझ्या कानाला घरचाच चिकटलेला :
हक्काचं माणूस. हक्काचं घर.
हक्कानं ओरडणारी समोरची दमूमावशी.

आई विचारायची, तू नेमकं शिकवतेस काय गं?
मी म्हणायचे,
ज्याचं हक्काचं कोणी नाही, त्याचा हक्क.
ती दळण निवडता निवडता म्हणाली,
मग तो मागायचा कुणाकडे?

हा प्रश्न मी जिनिव्हाच्या उन्हाळी वर्गात नेला.
तळ्याकाठच्या इमारतीत एका विदुषींनी
त्यावर सव्वा तास उत्तर दिलं.
टिपणं आहेत अजून. शाई विटली.

विश्वामित्रीच्या पुलावर कधी गर्दी दिसे,
खाली मगर, वर कठड्याशी खांद्यावर पोरं.
मगरीला कायद्याचं संरक्षण आहे, पहिली अनुसूची,
असं मी पहिल्या तासाला सांगायचे.
वर्ग हसायचा. मीही.

मग एका उत्तरायणाच्या आदल्या दिवशी
धुळाभाईंनी माझ्या टेबलावर चहा ठेवला आणि हललेच नाहीत.
भाचा, सतरा वर्षांचा, मांजा विकताना उचलला होता.
दोन रात्री झाल्या.
"बेन, तमारी चोपडीमां आनुं कंई छे?"

होतं. करारात कलम नऊ, घटनेत बावीस.
चोवीस तासांच्या आत न्यायाधीशासमोर.
मी ते सगळं पर्समध्ये कोंबलं आणि रिक्षा केली.

चौकीतला फौजदार मला बघून ताडकन उठला,
डोक्यावर टोपी आहे का, चाचपून पाहिलं.
परमार. शेवटचा बाक. पेपर सहामध्ये एकेचाळीस,
त्यातले तीन मी पदरचे घातलेले.
त्यानं चहा मागवला. मी कलम नऊ काढलं.
त्यानं ऐकलं, वर्गात ऐकायचा अगदी तसंच,
खिडकीतून पतंग बघत.
मग म्हणाला, "मॅडम, ते अनुमोदन झालं का हो?"
"अजून नाही."
"मी हेच लिहिलं होतं. तुम्ही अर्धा मार्क कापला होता."
आणि हसला, मनापासून.
"पण तुम्ही आलात. तुमचा हक्कच आहे आमच्यावर."

पोरगा बाहेर आला.
डावा कान सुजलेला. चप्पल एकाच पायात.

कलमानं नाही सुटला तो. माझ्या हक्कानं सुटला,
आईच्या अर्थानं.
सव्वा तासाची टिपणं घेऊन निघाले होते,
परत दळणाच्या ताटापाशी येऊन बसले.

आत आणखी एक होता. भिंतीकडे तोंड करून.
त्याचं नाव मी विचारलं नाही.
चहा संपला होता, धुळाभाई हात जोडून उभे होते,
आणि परमार आम्हाला दारापर्यंत सोडायला आला.

या मार्चमध्ये मी शेवटचा पेपर काढला.
प्रश्न चौथा : कोठडीत दोघे आहेत.
एकासाठी बाई आल्या.
दुसऱ्याचा हक्क कोणता, सोदाहरण लिहा. दहा गुण.
तपासनिसांनी लाल शाईत शेरा दिला :
संदिग्ध. बदलावा.
मी बदलला.
'कराराची ठळक वैशिष्ट्ये' टाकली.
सत्तर जणांनी घोकलेलं उतरवलं, पुरवण्या लावून.

त्याच्या शर्टाची शिवण पाठीवर उसवली होती,
डाव्या खांद्यापासून वीतभर.
रंग बहुतेक पोपटी.
कुणी विचारलं तर एवढं सांगता येईल मला.