साठ वॅट, नोड क्रमांक सात

समीक्षकाने विचारलंय, तिसऱ्या आक्षेपात:
आकृती चारमध्ये, नोड सातवर,
हा साठ वॅटचा भार कसला?
सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत चालू, उपयोग नोंदलेला नाही.
काढून टाकल्यास कार्यक्षमता सुधारेल.

बरोबर आहे, महोदय.
मीही काढला होता.

धडगावच्या वर डांबर संपतं तिथून
जीप तासभर दगड मोजत जाते.
मग पाडा. सदतीस घरं, ज्याचं त्याचं टेकाड,
हाक पोचेल न पोचेल इतक्या अंतरावर.
साठ पॅनेलं, एक चक्की,
दवाखान्याच्या खोलीत लशींचा फ्रीज,
आणि बॅटऱ्यांची खोली, जिथे पहिल्याच वर्षी
कुणीतरी ज्वारीची पोती आणून ठेवली,
कोरडी जागा दिसली म्हणून.

फार तापलं की पॅनेल हात आखडतं.
हे मला पुस्तकाआधी ठाऊक होतं:
फैजपूरला, मे महिन्यात, भर बाराला
आमच्या केळीची पानं
मधल्या शिरेवर घडी घालून बसायची.

माझा विषय असा, की इन्व्हर्टरांनी
एकमेकांशी अक्षर न बोलता
ओझं वाटून कसं घ्यावं.
प्रत्येकाने फक्त तारेकडे बघायचं,
ती किती वाकलीय ते,
आणि आपला वाटा उचलायचा.
तीन वर्षं. एक्केचाळीस समीकरणं.

चक्कीच्या दारात एक जुना बल्ब होता, तारेचा, पिवळा.
घरोघर एलईडी लावले, हाच राहून गेला.
फुकट खातो म्हणून
स्टुलावर चढून मी स्वतः काढला,
गरम होता, ओढणीत धरला.

त्या आठवड्यात सिस्टिम तीनदा बसली.
तिसऱ्या वेळी सिस्टर वसावे
बर्फाच्या डब्यात लशी घालून
रात्रीच्या उतरल्या धडगावला, मला काही न बोलता.

लॉगमध्ये काही नव्हतं.
पोत्यांना टेकून, मांडीवर लॅपटॉप, मी जागी.
आईचा फोन, काय करी ऱ्हायनी व?
चूक शोधतेय.
कोनी?

सकाळी थुनकी पावरा आली, चक्कीवाली,
भुवयांपर्यंत पीठ.
तू तो दिवा नेला, म्हणाली. आता कळणार कसं?

हे तुझे नवे दिवे खोटं बोलतात.
मरेपर्यंत पांढरेच.
तो लाल व्हायचा.
समोरच्या टेकाडावरून दिसायचा लाल झालेला,
मग रेहल्या टीव्ही बंद करी, सायकी पंखा,
वरची तीन घरं सगळंच.
कुणी कुणाला सांगायला जात नव्हतं.
तरी पिवळा नाही झाला, तर मी चक्की थांबवायची,
अर्धं दळण तसंच.

मी विचारलं, हे ठरवलं कुणी?
तिला प्रश्नच कळला नाही.
की मलाच नीट विचारता आला नाही, पावरीत.

असले बल्ब आता धडगावात मिळत नाहीत.
शिरपूरला एका म्हाताऱ्या दुकानदाराने
माळ्यावरून चार काढून दिले,
कपाशीत गुंडाळून.
एक जीपमध्ये फुटला.
एक लावलाय. दोन थुनकीच्या कणगीत आहेत.

पुढचा महिना मी नुसती मोजत होते.
दाब पडल्यापासून घरं विझेपर्यंत
सरासरी अकरा सेकंद.
इन्व्हर्टरांपुढे हे फारच हळू.
फ्रीज मात्र त्यानंतर बंद पडलेला नाही.

तर महोदय, आपल्या तिसऱ्या आक्षेपाबद्दल:
भार म्हणून दाखवला ते माझंच चुकलं.
दुसरं चिन्ह शोधतेय,
मानकांच्या यादीत अजून सापडलेलं नाही.
तोवर आकृतीत, नोड सातशेजारी,
पेन्सिलने लिहून ठेवलंय:
काढू नये. थुनकीला विचारावे.