तीन इंची स्क्रू

ओमारूत माझं हार्डवेअरचं दुकान आहे,
बंदराच्या रस्त्यावर, लोकरीच्या जुन्या गोदामाला लागून.
माणूस काय विकत घेतो त्यावरून
घरात काय मोडलंय ते कळतं.
कधीकधी कोण मोडलंय, तेही.

नोलीन आली जूनमध्ये, गवतावर हिमाची साय होती तेव्हा.
म्हणाली, मागचं दार सकाळी उघडं सापडतं.
गेलेलं काही नाही.
पण ब्रेडच्या डब्यावर पाना,
आणि बेसिनमध्ये लाकडाचा भुसा.

मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं:
कुलूप सोन्याचं घ्या हवं तर,
पण चौकटीवरची पट्टी अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर टांगलेली असेल
तर एका लाथेचं काम.
तीन इंची घ्या,
चौकट ओलांडून भिंतीच्या हाडात रुतू देत.
आधी बारीक भोक पाडा, लाकूड जुनं आहे, तडकेल.
माणूस पाठवू का?
"हात आहेत मला," एकोणऐंशी वर्षांची नोलीन म्हणाली,
"आणि अ‍ॅलिस्टरचं ड्रिल."

आठवड्यानं परत आली. तळहाताला फोड.
पट्टी पक्की, कुलूप शाबूत, ओरखडासुद्धा नाही,
आणि दार सताड उघडं.
तिनं खिडक्यांना खिट्ट्या नेल्या,
दाराखाली ठोकायची पाचर नेली,
कॅमेऱ्यासाठी बॅटऱ्या.
कॅमेरा मुलानं पर्थहून धाडला होता,
सोबत फोनवरून सूचना, पाऊण तास.

मग पंधरा दिवस काही नाही.
मला वाटलं, मिटलं.

एका मंगळवारी काउंटरवर तिनं फोन ठेवला, माझ्याकडे वळवून.
आधी एक पॉसम, झुपकेदार शेपटी, कुंपणावरून गेला.
मग तीन वाजून बारा मिनिटं:
दार आतून उघडतं.
नाइटगाउन, अनवाणी पाय, हातात तेलाचा डबा.
बाई तीन पायऱ्या उतरते, तिसरीवर झोकांडते,
शेडकडे जाते.
तीन चाळीसला परत.
डोळे उघडे, पण कॅमेऱ्याकडे बघून न बघितल्यासारखे.

"तरीच," नोलीन म्हणाली,
"बिजागऱ्या कुरकुरेनाशा झाल्यात.
मला वाटलं हवा बदलली."

मी काही बोललो नाही.
बाहेरून लावायच्या कड्यांचा खोका माझ्या कोपराशी होता,
सात डॉलर नगाला.
तिनं तो बघितला. मी बघितलेलंही बघितलं.
"ग्रँट तेच म्हणतोय," ती म्हणाली.
"शेजारणीनं रात्री बाहेरून कडी घालायची, सकाळी काढायची.
कोंबड्यांसारखं."

मग चष्मा पुसला आणि यादी काढली,
किराण्याच्या पावतीच्या मागे, पेन्सिलीनं.
एक फळी, बाहेर टिकणारी, अडीच फूट.
खरखरीत टेप.
कठड्याचे दोन ब्रॅकेट.
उन्हावर चालणारे बुटके दिवे, सहा,
दारापासून शेडपर्यंत.

"तिसरी पायरी हलते," तिनं सांगितलं,
"अ‍ॅलिस्टर गेल्यापासून हलतेय. मी दिवसा चुकवते.
ती रात्री येते, तिला कसं ठाऊक असणार?"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात.
हिनं चोरासाठीच चांदणं विकत घेतलं,
सहा नग, दहा टक्के सूट.

बिल करताना मी विचारलं, पायरीला स्क्रू कुठले देऊ?
"तीन इंची," ती म्हणाली.
"आतपर्यंत जाणारे. शिकलेय आता."

दारापर्यंत जाऊन थांबली.
"तेलाचा डबाही दे एक."
मी म्हटलं, आहे ना घरी?
"संपत आलाय बहुतेक.
नक्की तिलाच विचारावं लागेल."